माळावरची शाळा कुणासाठी?

साशंक : तुम्ही मुलांना रानात नेता आणि रान शिकवता, असं तुमचं काम तुम्ही सांगता. पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी हे मला पटतं. चौथ्या मजल्यावर वाढलेल्या पोराला टिटवीचं घरटं दाखवलं तर त्याच्या आयुष्यात खरंच काहीतरी भर पडते. पण वाशीम जिल्ह्यात? मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं पोरगं शाळा सुटली की बकऱ्या घेऊन माळावर जातं. मालेगावकडचं पोरगं हरभरा घाट्यावर आला की बापासोबत जागलीला वावरात झोपतं. रोही, म्हणजे नीलगायी, कोणत्या बाजूने येतात, रानडुकराने मुसंडी कुठून मारली, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. त्याला रान शिकवणारे आपण कोण? माझं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं. पोराचं नाव घालायला आलेला बाप एकच गोष्ट सांगायचा, ‘गुरुजी, याच्यावर ढोरांमागे फिरायची पाळी येऊ देऊ नका.’ त्या बापाने शाळेवर विश्वास टाकला तो याच एका वचनावर. आणि तुम्ही त्याच पोराचा हात धरून त्याला पुन्हा ढोरांच्या वाटेला नेता. उन्हात राबणाऱ्यांच्या घरी शिक्षणाचा अर्थच सावलीत बसायला मिळणं असा असतो. ती सावली काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

उत्साही : त्या बापाचं म्हणणं मला मान्य आहे. रान ‘दाखवणं’ हे माझं काम असेल तर इथे माझी गरज नाही, हेही मान्य. पण काय घडतं ते आधी ऐका. कुसळी गवत तुमच्या पायाखालचं आहे. दिवाळीच्या सुमारास ते पिकतं. कुसळं धोतरात, लुगड्यात, मेंढीच्या लोकरीत घुसतात, बकरीच्या तोंडाला इजा करतात. माझ्यासोबतच्या प्रत्येक मुलाला कुसळ ठाऊक असतं, ते टोचणारी वस्तू म्हणून. मी त्यांना एक कुसळ तळहातावर ठेवायला सांगतो आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकायला लावतो. कोरडं कुसळ सुतळीसारखं पिळलेलं असतं. ओल लागली की पीळ सुटतो आणि कुसळ हातावर आपोआप फिरायला लागतं. खालच्या टोकाला अणकुचीदार बी असते, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस असतात. ओल आली की पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो, आणि प्रत्येक फेरीत बी थोडी जमिनीत शिरते. केस मागे वळलेले असल्यामुळे ती परत वर येत नाही. हे बघून एका मुलीने विचारलं, ‘मग माळ पेटला तर हे आत वाचत असेल?’ वाचतं. वरचं गवत जळून जातं, आत शिरलेली बी पावसाळ्यात उगवते. हा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता. तो तिला सुचला, कारण माळ पेटलेला तिने पाहिला होता. टोचणाऱ्या वस्तूबद्दल प्रश्न विचारता येतो, त्याचं उत्तर तपासता येतं, एवढंच तिला माझ्याकडून मिळालं. बाकी सगळं तिचंच होतं.

साशंक : धडा चांगला आहे, पण तो वर्गातही झाला असता. एखाद्या पोराने येताना मूठभर कुसळं आणली असती आणि तळहात तर वर्गातही असतात. त्यासाठी पोरं माळावर न्यायची काय गरज? माझी शंका हवेतली नाही. आपल्याकडे घोणस आहे, नाग आहे, मण्यार आहे, फुरसं आहे. आग्या मोहोळ उठलं तर मोठ्या माणसांनाही जीव वाचवणं कठीण होतं. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा पडतात, आणि बातमी वाचली तर मेलेला माणूस बहुतेक वेळा वावरातला किंवा गुरांमागचा असतो. आता आपल्या शाळा बघा. दोन शिक्षकांची शाळा, चार वर्ग. एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. अशा शाळेतून तुम्ही वीस-पंचवीस पोरं ओढ्याकाठी नेता. काही झालं तर जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो, तुम्हाला नाही. तुमच्यासारखा माणूस उत्साहाने येतो, धोका मात्र शाळेच्या हजेरीपटावर राहतो. म्हणून बहुतेक मुख्याध्यापक नाही म्हणतात. त्यांना कामचुकार म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी बसून बघा.

उत्साही : मी त्यांना कामचुकार म्हणणार नाही. एकट्या माणसाने पूर्ण वर्ग बाहेर नेऊ नये, हा माझा पहिला नियम आहे. सोबत गावातली दोन जाणती माणसं नसतील तर त्या दिवशी जायचं नाही. पण धोक्याचा हिशेब पुरता मांडू या. शाळेने नेलं नाही म्हणून मूल रानात जायचं थांबत नाही. तुम्हीच म्हणालात, ते बकऱ्यांमागे जातं आणि जागलीलाही जातं. तेव्हा सोबत कुणी नसतं. घोणस आणि अजगरपिल्लू यांतला फरक त्याला कुणी शांतपणे सांगितलेला नसतो. साप चावल्यावर जखम चिरायची नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि मांत्रिकाकडे न जाता थेट प्रतिविष असलेला दवाखाना गाठायचा, हे पाठ असलेलं एक पोरगं घरातल्या चार माणसांच्या कामी येतं. ढग गडगडायला लागले की एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, हे झाडाखाली उभं राहून सांगावं लागतं. आणि कुसळ वर्गात आणता येतं, पण रोह्याची लेंडाळी आणता येत नाही. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो. त्या जागा मुलांनी शिवाराच्या कच्च्या नकाशावर मांडल्या, सोयाबीन कुठे खाल्लं गेलं त्या खुणा शेजारी केल्या, की जनावरांची वाट कागदावर उमटते. दिशा, अंतर, प्रमाण, नोंद, सगळं त्यात येतं. तो भूगोल शिवारातच शिकावा लागतो.

साशंक : हे म्हणजे काही नवं नाही, आणि जुनं काय होतं तेही नीट आठवू या. युरोपात डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकात मुलांना जंगलात नेणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या. पुढे ती पद्धत जर्मनीत, इंग्लंडमध्ये गेली. घरी पोटभर खाणारी, उबदार कपड्यांतली ती मुलं होती. आपल्याकडचं उदाहरण वेगळं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात. शाळेत येणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून शाळाच कुरणात गेली. ती कुरणशाळा. पण कशासाठी गेली? कुरणाचं कौतुक करायला नाही. मुलांपर्यंत अक्षर पोचावं म्हणून गेली. कुरण ही अडचण होती आणि शिक्षिकेने ती चालत जाऊन ओलांडली. तुम्ही मात्र ज्या मुलाला मोठ्या मुश्किलीने वर्गात बसवलं त्यालाच उलट्या वाटेने नेता आणि नाव ताराबाईंचं घेता.

उत्साही : ताराबाईंचं नाव मी घेईन, पण अर्धं घेणार नाही. अक्षर पोचवायला त्या गेल्या, हे खरं. गेल्यावर त्यांनी काय केलं तेही बघा. माँटेसरीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शेंगा, शिंपले, पानं, दगड यांतून त्यांनी शिकण्याची साधनं उभी केली. मुलाच्या हातात रोज येणारी वस्तू शिक्षणाच्या लायकीची आहे, हे त्यांनी ठरवलं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली तीही हाताच्या कामातून शिकण्याची, आणि सेवाग्रामचं आनंद निकेतन २००५ पासून पुन्हा त्याच वाटेने चालतं आहे. वर्धा काही डेन्मार्क नव्हे. पण तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट मी उचलून धरतो. युरोपातली वनशाळा इथे जशीच्या तशी आणणं चूक आहे, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे आपल्याकडे तसं वन नाही. मालेगावच्या बाजूला काटेपूर्णा अभयारण्याचं सागवानी जंगल आहे. बाकी जिल्हा बराचसा उघडा आहे. माळ, ई-क्लासची सरकारी जमीन, गायरान, धुऱ्यावरची बाभूळ आणि हिवर. कारंजा-सोहोळ अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचं, तेही काळविटांचं, म्हणजे मोकळ्या गवताचं. आपली मुलं ‘जंगल’ काढतात तेव्हा कागदावर दाट झाडं आणि वाघ काढतात. शेजारचा माळ त्यांना ओसाड वाटतो, कारण महसुली कागदही त्याला पडीक म्हणतो. मग शाळा वृक्षारोपणाच्या दिवशी त्याच माळावर खड्डे खणते. गवताची जागा झाडांनी भरली की चंडोल, तितर, काळवीट, तणमोर यांची जागा जाते. झाडं लावायची ती शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी. कुठे लावायची नाहीत हे कळणं, ही या जिल्ह्यातल्या मुलासाठी निसर्गशिक्षणाची पहिली इयत्ता आहे.

साशंक : मग काळविटाचंच बोलू या. अभयारण्याच्या कडेला ज्याचं वावर आहे त्याच्या पोराला तुम्ही काय सांगणार? पेरणी झाली, कोंब वर आले, आणि एका रात्रीत कळपाने ते खुडून नेले. पुन्हा पेरायला बियाणं उधारीवर. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, कागद, हेलपाटे. त्या घरात काळवीट हा शब्द शिवीसारखा उच्चारला जातो. तुम्ही शनिवारी येता, दुर्बीण हातात देता आणि म्हणता, बघ किती देखणा आहे. देखणा आहेच. पण त्या पोराने घरी जाऊन हे बापाला सांगितलं तर बापाच्या मनात काय येईल? आपलं पोरगंही त्यांच्याच बाजूचं झालं, असंच ना? वर शेजारून समृद्धी महामार्ग गेला. माळ तोडून रस्ता करताना मोठ्यांनी कुणी मुलांना विचारलं नाही. प्राण्यांना जपायची जबाबदारी मात्र सगळ्यात लहान आणि सगळ्यात गरीब माणसाच्या डोक्यावर, ‘मूल्यशिक्षण’ म्हणून.

उत्साही : हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. म्हणून मी मुलांना प्राण्यांवर प्रेम करा असं सांगत नाही. प्रेम हा गृहपाठ होऊ शकत नाही. भांडण आहे तर भांडणच शिकवायला हवं. कळप किती, कुठून येतो, कोणत्या महिन्यात जास्त येतो, कोणतं पीक खातो आणि कोणतं सोडतो, कुंपणाचा खर्च काय, भरपाईचा अर्ज कसा भरतात, किती दिवसांत भरायचा असतो. बापाने अर्ज केला असेल तर तो मुलाने वाचावा. वनरक्षकाला वर्गात बोलवावं, शेतकऱ्यालाही बोलवावं, आणि दोघांना मुलांनी प्रश्न विचारावेत. कायदा काळविटाला का जपतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे दोन्ही प्रश्न त्याच मुलाच्या वहीत शेजारी शेजारी असावेत. यातून मूल काळविटाच्या बाजूचं होईल की बापाच्या, हे ठरवणं माझं काम नाही. महामार्गाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आणि म्हणूनच, पुढच्या वेळी कुणी माळाला पडीक म्हणेल तेव्हा तिथे काय काय आहे याची नोंद गावाजवळ असायला हवी. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. अनेक ठिकाणी ती मुदत गाठायला घाईघाईने भरली गेली आणि कपाटात गेली. मुलांच्या नोंदी तिच्यात जायला काय हरकत आहे?

साशंक : नोंदवहीचं म्हणता, तर ज्याला खरोखर माहिती आहे त्याच्याबद्दल आपण दोघंही इतका वेळ गप्प आहोत. फासेपारधी. तितर कुठल्या झुडपात बसला आहे, लावा कुठून उठेल, तणमोर पावसाळ्यात कोणत्या गवतात उड्या मारतो, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. आणि त्याच्या वाट्याला काय आलं? १८७१च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का गावाच्या मनातून गेला नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याची रोजी गुन्हा ठरली. त्याचं पोरगं शाळेत आलंच तर शेवटच्या ओळीत बसतं. आता तुमचा वर्ग माळावर जातो. सगळ्यात जास्त कळणारं मूल तेच. ते बोललं तर सगळी पोरं म्हणतील, याला कसं माहीत? कारण याचा बाप फासे लावतो. तुम्ही त्याला शाबासकी द्याल आणि नकळत त्याच्या घराकडे बोट दाखवाल. हे तुमच्या तंत्रात कुठे बसतं?

उत्साही : सहज बसत नाही. म्हणून इथे सावकाश जायला हवं. पण वाट अगदीच नाही असंही नाही. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ संस्थेने, कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाला सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचं काम केलं. तणमोराची आज जगात फार थोडी संख्या उरली आहे. २०२१ पासून तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. विणीच्या हंगामात नर दिवसातून शेकडो वेळा गवताच्या वर उडी घेतो, तरी शिकलेल्या माणसाला तो दिसत नाही, आणि फासेपारध्याला दिसतो. जे ज्ञान पकडण्यासाठी होतं तेच राखण्यासाठी वापरता येतं, हे त्या कामाने दाखवलं. मारुती चितमपल्ली वनखात्याचे अधिकारी होते, पण त्यांच्या लिखाणातलं किती तरी जंगल त्यांना आदिवासींनी आणि वनमजुरांनी सांगितलेलं आहे. तेव्हा माझं उत्तर असं की, त्या मुलाला एकट्याला पुढे करायचं नाही. त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाला शिकवायला बोलवायचं, पाहुणा म्हणून नाही, मानधन देऊन, शिक्षकाच्या बरोबरीने. गावासमोर तो माणूस वर्गापुढे उभा राहिला तर मुलाच्या जाणतेपणाला वेगळी ओळख मिळते. ती मिळेलच, अशी हमी मी देऊ शकत नाही.

साशंक : मानधन कुठून देणार? तुमचंच मानधन कुठून येतं ते आधी सांगा. एखाद्या प्रकल्पातून. दोन वर्षं, फार तर तीन. मग निधी संपतो, तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात जाता किंवा नोकरी धरता. या कामाला पद नाही, वेतनश्रेणी नाही, बढती नाही. मुलांना सवय लागते आणि माणूस निघून जातो. सरकारी कागदावर सोय आहे, मी नाही म्हणत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीने जिल्हानिहाय काढलं. पण दहा दिवसांचं काय होतं ते मी जाणतो. डबे घेऊन वनभोजन, फोटो, अहवाल. आणि या सगळ्याच्या वर माझी खरी काळजी आहे. पाचवीतल्या पोराला दुसरीचा उतारा अडखळत वाचता येतो. दिवाळीनंतर तांड्यावरचं कुटुंब कामाला बाहेरगावी गेलं की त्याचे महिने बुडतात. त्याच्या वाट्याला शाळेचे जे थोडे तास आहेत, त्यातले दोन तुम्ही मागता. श्रीमंताच्या पोराचे दोन तास गेले तर शिकवणी भरून काढते. याचे गेले ते गेले.

उत्साही : माणूस निघून जातो, हा दोष माझ्या कामाचा आहेच. म्हणून बाहेरून येणाऱ्याने दोन वर्षांत गावातली दोन माणसं तयार केली नाहीत तर त्याचं काम फसलं, असं मी मानतो. तासांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. माळावरून आलेलं मूल लिहितं. काय पाहिलं ते चार ओळी, चुकत-माकत का होईना, पण स्वतःच्या. पुस्तकातला उतारा अडखळत वाचणारं मूल स्वतःची नोंद मोठ्याने वाचायला उभं राहतं. सगळ्यांचं वाचन यातून सुधारतं असा दावा मी करणार नाही. काहींचं सुधारतं, काहींना वर्गातच बसवून वाचून घ्यावं लागतं, आणि त्यांच्यासाठी मी तास सोडायला तयार आहे. पण एक गोष्ट तुमच्या हिशेबात आलेली नाही. मुली. मुलगा रानात हिंडतो, मुलीला रान फक्त कामासाठी असतं. तिच्या डोक्यावर सरपण असतं, भाकरीचं गाठोडं असतं, हातात विळा असतो. निंदणाच्या ओळीतून मान वर करून पाखरू बघायला तिला कुणी थांबू देत नाही. मोकळ्या हातांनी, काही न आणण्यासाठी, माळावर जायची परवानगी तिला शाळेच्या नावानेच मिळते. माळ पेटला तर कुसळ आत वाचतं का, असं विचारणारी मुलगीच होती. तिला तुम्ही सावलीत बसवलं तर ती सावली तिला घरीही मिळते, चुलीपुढे.

साशंक : मुलींचं तुम्ही म्हणता ते मला मान्य करावं लागेल. तो माझ्या विचारातला कोपरा राहिला होता. धोक्याचंही मान्य, पण तुमच्या नियमांसकट, नियमांवाचून नाही. तरीही माझी कसोटी मी सोडत नाही. हे पोर अठरा वर्षांचं झाल्यावर त्याला माळ सोडून जायचं असेल तर जाता येईल का? जाण्यासाठी लागतं ते वाचन, गणित, अर्ज लिहिण्याची हिंमत त्याच्याजवळ असेल का? ते नसेल तर त्याला पन्नास गवतं ओळखता आली काय आणि नाही आली काय, ते माळावर अडकलेलंच.

उत्साही : मीही तीच कसोटी धरतो आणि तिला दुसरी जोडतो. त्याला माळावर राहायचं असेल तर मान खाली न घालता राहता येईल का? आज ढोरं राखणं ही नापास झालेल्याची शिक्षा आहे, आणि ती शिक्षा शाळाच सुनावते. ‘अभ्यास केला नाहीस तर ढोरं राखशील’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वर्गात ऐकलं आहे. ज्याचा बाप ढोरं राखतो त्याला त्या वाक्यात बापाची काय किंमत ऐकू येते?

साशंक : ते वाक्य मी सुद्धा बोललो असेन, सगळेच बोलायचे. यापुढे नाही बोलणार. पण दोन्ही कसोट्या एकाच वेळी लागल्या आणि तास एकच उरला तर मी अक्षर निवडेन.

उत्साही : आणि तास एकच का उरला, हे मी विचारेन. शिक्षकांच्या जागा रिकाम्या का, स्थलांतर करणाऱ्या मुलाची शाळा त्याच्यासोबत का जात नाही, गावातल्या जाणत्याला मानधन देण्याची एकही तरतूद का नाही? माळ आणि अक्षर यांची भांडणं आपण दोघं लावत नाही. ती टंचाई लावते.

साशंक : टंचाई उद्या संपणार नाही, आणि शनिवार उद्या आहे. तुम्ही मुलं नेली तर सोमवारी प्रत्येकाची वही मी तपासणार. त्यात त्याने स्वतः लिहिलेलं काही नसेल तर पुढचा शनिवार तुम्हाला मिळणार नाही.

उत्साही : चालेल. फक्त तोच नियम उरलेल्या पाच दिवसांनाही लावा.